बालास्थिचिकित्सेची दोन शतके : ओरत्तनाडूच्या छत्रापासून

तंजावराहून पट्टुकोट्टैस जाणाऱ्या सडकेवर, शहराच्या दक्षिणेस सात-आठ कोसांवर, ओरत्तनाडु हे गाव लागते. आणि ज्या मराठी वाचकास तंजावरच्या भोसल्यांचे राज्य म्हणजे सरस्वती महालातील पोथ्या आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील शिलालेख एवढेच ठाऊक असेल, त्याने येथील मुक्तांबाळ छत्राचे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेचे, घोडे आणि रथचक्रे कोरलेले दगडी जोते एकवार अवश्य पाहावे. तंजावरचे राजे सरफोजी महाराज यांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास ते बांधविले. मुलखाचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीच्या हाती गेला होता. तथापि १८०१ साली आपल्या छत्रांची महती इंग्रज सरकारास पटवून देताना महाराजांनी जे पत्र लिहिले, त्यात रामेश्वरच्या यात्रेकरूंस मिळणाऱ्या अन्नाबरोबरच, छत्रांत आजाऱ्यांची शुश्रूषा होते, नाना रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार जाणणारे वैद्य तेथे तैनात असतात, आणि परमुलखातून आलेल्यांची पोरकी मुले पंतोजीच्या हवाली करून त्यांना त्रिकाळ भोजन, दर चौथ्या दिवशी तेलाचे अभ्यंग, वस्त्र, औषध व विद्या दिली जाते, असा तपशील आहे. बालकांच्या हाडांच्या चिकित्सेचा इतिहास सांगू लागताना मी या पत्रापासून आरंभ करतो, कारण या चिकित्सेत शस्त्राइतकेच महत्त्व मुलाच्या दीर्घ मुक्कामाला आहे, आणि तो मुक्काम कोणाच्या खर्चाने व्हावा या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रात होते.

विद्या मात्र त्या काळी तोकडी होती. सरफोजींच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक एकत्र अभ्यासले जात असे, नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवल्या जात. पण गुंगीचे औषध आणि जंतुनाशक प्रक्रिया या दोहोंवाचून लहान मुलाचा सांधा उघडणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण होते, आणि हे तंजावरइतकेच लंडनलाही लागू होते. हाडवैद्याच्या बांबूच्या कांब्या आणि तेलमर्दन यांपलीकडे फार काही शक्य नव्हते. १८३१ साली, म्हणजे सरफोजींच्या निधनाच्या आदल्या वर्षी, हॅनोव्हरच्या श्ट्रोमायरने त्वचेतील सुईएवढ्या छिद्रातून टाचेमागची कंडरा छेदून आत वळलेले पाऊल सरळ केले. पुढे गुंगी आणणारे ईथर १८४६ साली आले, लिस्टरची जंतुनाशक पद्धती १८६७ साली, आणि राँटगेनचे किरण १८९५ साली.

क्ष-किरण आले म्हणून निदान सोपे झाले, असे मात्र नव्हे. बालकाचे हाड हे मोठ्या माणसाच्या हाडाची लघुप्रत नाही. त्याचा पुष्कळसा भाग कूर्चेचा असल्यामुळे चित्रात दिसतच नाही. मांडीच्या हाडाचे डोके जन्मानंतर चार-सहा महिन्यांनी हळूहळू अस्थिमय होऊ लागते, म्हणून नवजाताच्या निखळलेल्या खुब्याची परीक्षा मुख्यतः हाताने करावी लागते. गुडघे वाकवून मांड्या अलगद फाकविल्या असता डोके उखळीत परत शिरताना बोटांना जो हिसका जाणवतो, त्याचे वर्णन ऑर्तोलानी या इटालियन बालवैद्याने १९३७ साली केले. हा विकार पहिल्या महिन्यांत हाती लागला तर साध्या पट्ट्यांनी बरा होतो. मूल लंगडत चालू लागल्यावर कळला तर कटीचे हाड कापून उखळीची दिशा बदलावी लागते. आपल्याकडे मूल कडेवर घेण्याची जी रीत आहे तिने मांड्या फाकलेल्या राहून खुब्याला आधारच मिळतो. तान्ह्याचे पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळणे तेवढे टाळले पाहिजे. शस्त्रक्रियेत दुसरी चिंता वाढीच्या चकतीची : हाडाच्या टोकाजवळील त्या कोवळ्या थराला इजा झाली, तर आज सरळ दिसणारा पाय पुढे आखूड किंवा वाकडा होतो.

आपल्या देशात या शाखेला चालना दिली ती पोलिओने, आणि तिचा एक धागा मुंबई आणि मद्रास यांना जोडतो. फातेमा इस्माइल यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला, तेव्हा त्या तिला घेऊन मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या आणि कित्येक महिने तेथेच राहून त्यांनी उपचार करविले. ज्या घरात एवढे राहण्याची ऐपत नाही त्या घरातील मुलाचे काय, हा प्रश्न घेऊन त्या परतल्या आणि १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीचे बालकांचे अस्थिरुग्णालय त्याच उद्योगातून उभे राहिले. एका आईने एवढे करावे, याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. भारतातील रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि कंडरा स्थलांतरित करण्याच्या ज्या शस्त्रक्रिया एका पिढीने हात बसेपर्यंत केल्या, त्यांची गरज पुष्कळ ओसरली.

या साऱ्या कालखंडातील सर्वांत विलक्षण वळण शस्त्र बाजूला ठेवण्याचे आहे. सुमारे हजारात एका बालकाचे पाऊल जन्मतः आत वळलेले असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते विस्तृत छेद घेऊन सरळ करण्याकडे शल्यविशारदांचा कल होता, आणि अशी पावले तारुण्यात ताठर व वेदनायुक्त होत. अमेरिकेतील आयोवा येथे इग्नासिओ पोन्सेती मात्र १९४० च्या दशकाअखेरपासून दर आठवड्यास हलक्या हाताने पाऊल वळवून प्लास्टर घालीत. पाच-सात प्लास्टरांनंतर टाचेमागची कंडरा तेवढी छेदीत. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९५ साली त्यांच्या रुग्णांचा तीस वर्षांनंतरचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर जगाचे मत फिरले. ही पद्धती स्वस्त आहे, परंतु ती सबुरी मागते : प्लास्टर सुटल्यावर पट्टीला जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ अहोरात्र, आणि पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपेत घालावे लागतात. बूट सोडले की पाऊल पुन्हा वळते.

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वळलेले पाऊल आणि निखळलेला खुबा या दोन्ही जन्मजात विकारांचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट आहे. तंजावरला १९५९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु खेड्यातून दर आठवड्यास मूल घेऊन येणाऱ्या मजूर आईचा एक रोज प्रत्येक प्लास्टरमागे बुडतो, आणि तिची मोईन कोणत्याही शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात धरलेली नसते. सरफोजींच्या छत्रांनी ती परमुलखातील पोरक्या मुलांसाठीही धरली होती. जिल्ह्याजिल्ह्यातील बालचिकित्सा केंद्रांना जोडून प्रवासभाडे, भोजन आणि निवारा यांची कायम तरतूद व्हावी, आणि तिचा खर्च दानधर्माच्या सदरात न मांडता उपचाराच्या सदरात मांडावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.