तात्पर्य नसलेली गोष्ट

मुलांना गोष्ट सांगून झाली रे झाली की आपण विचारतो, "मग यावरून काय बोध घ्यायचा?" आम्हां मास्तरांना तर ती खोडच असते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातही तीच तऱ्हा होती. मुलांचे पुस्तक म्हणजे बहुधा उपदेशाचा काढा! अशा काळात, १८६५ साली, 'ॲलिस इन वंडरलँड' हे पुस्तक निघाले. त्यात बोध औषधालाही नव्हता.

लेखक चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या एका कॉलेजातला गणिताचा अध्यापक. पुस्तकावर नाव घातले लुईस कॅरल. ४ जुलै १८६२ रोजी डीनच्या तीन मुलींना नावेतून फिरवताना त्याने ही गोष्ट रचत रचत सांगितली. मधली ॲलिस हट्ट धरून बसली, ही लिहून द्या! १८६४ च्या नोव्हेंबरात स्वहस्ते लिहिलेली सचित्र वही तिच्या हाती पडली.

गोष्टीतली ॲलिस सशामागे बिळात पडते. तिथे पाठ केलेल्या कविता म्हणू जाते, तो तोंडून भलतेच शब्द येतात. मूळच्या त्या उपदेशाच्या कविता त्या वेळच्या मुलांना तोंडपाठ. म्हणून तर त्यांना हसू येई. एक सरदारीणबाई भेटते, ती प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढते. हा भाग वर्गात वाचताना शिक्षकाने जरा सावरून बसावे, बरे का!

१८७१ च्या दुसऱ्या भागात हम्टी डम्टी नावाचे एक अंडे म्हणते की, मी वापरतो त्या शब्दाचा अर्थ मी ठरवीन तोच. पोरखेळ वाटतो ना? पण १९४१ साली, ऐन युद्धात, खटल्यावाचून स्थानबद्ध केलेल्या एका माणसाचे अपील लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आले. 'सबळ कारण' म्हणजे मंत्र्याला वाटेल ते कारण, असे इतर न्यायमूर्तींनी मानले. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोध केला, आणि दाखला दिला तो या अंड्याचा! त्या दिवशी ते हरले. पुढे त्यांचेच मत ग्राह्य ठरले.

आपल्या देशात बंगालच्या सुकुमार राय यांनी 'हजबरल' लिहिले, त्यातही हेच वारे आहे. रुमालाचे मांजर होते, कावळा पाटीवर गणिते सोडवतो, आणि वय चाळीस झाले की उलटे मोजू लागतात. चाळिशी ओलांडलेल्या मला ही व्यवस्था फारच पसंत आहे.