त्रिकोणमितीची सोपी वाट

अमरावती-अकोल्याकडील ज्या घरांत दहावीचा विद्यार्थी असतो, तेथें साइन-कोसाइनचें कोष्टक सायंकाळीं परवच्यासारखें ऐकूं येतें. त्यांतील वर्गमुळांनाच मुलें भितात. गणितज्ञ नॉर्मन वाइल्डबर्गर ह्यांनीं २००५ सालीं सुचविलें कीं, लांबीऐवजीं लांबीचा व साइनऐवजीं साइनचा वर्गच घ्यावा. म्हणजे ३०, ४५, ६० अंशांस १/४, १/२, ३/४ असे निखळ अपूर्णांक येतात. घरीं हें मुलांस अवश्य दाखवावें. शाळेंतून कोन मात्र हद्दपार करूं नये. तीस नि तीस अंश मिळून साठ होतात. पाव नि पाव मिळून पाऊण होत नाहीं! वऱ्हाडाचाच दाखला घ्या: लॅम्बटन १८२३ त हिंगणघाटीं वारल्यावर एव्हरेस्टनें भूमापनाची त्रिकोणमाला वऱ्हाडांतून उत्तरेस नेली, ती थिओडोलाइटनें कोन मोजीतच.