एका नदीचे बी दुसऱ्या नदीत

नवी मुंबईतल्या शाळेत मुलांना विचारा, "आपल्या नळाला पाणी कुठून येतं?" मोरबे धरणातून, असे उत्तर बहुधा मिळेल. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे. आता भिंतीवर नकाशा लावा आणि दुसरा प्रश्न विचारा. धावरी, पाताळगंगा, पनवेलची गाढी या नद्या कोणत्या समुद्राला मिळतात? पश्चिमेच्या अरबी समुद्राला. मग तिथून जवळच, घाटावर असलेल्या लोणावळ्यात पडलेला पाऊस कुठे जातो? इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा शेकडो किलोमीटरचा प्रवास करून तो थेट बंगालच्या उपसागराला मिळतो.

घाटमाथ्याची ही धार आपण गाडीने तासाभरात ओलांडतो. गोड्या पाण्यातल्या माशाला मात्र ती ओलांडता येत नाही. कड्यावरून तो चढू शकत नाही आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वळसा घालून दुसऱ्या नदीत शिरणे बहुतेक माशांना जमत नाही. पक्ष्याला बेट जसे समुद्राने वेढलेले, तशी माशाला नदी जमिनीने वेढलेली. म्हणजे माशाच्या दृष्टीने प्रत्येक नदी हे एक बेटच!

मण्यांचा खेळ

बेटावर अडकलेल्या प्राण्यांचे काय होते? हे वर्गात करून पाहता येईल. एका डब्यात २ लाल आणि २ पांढरे मणी घ्या. हे मणी म्हणजे एकाच जनुकाची दोन रूपे. न बघता एक मणी काढा, रंग लिहून ठेवा आणि मणी परत डब्यात टाका. असे चार वेळा करा. जे चार रंग लिहिले गेले ती पुढची पिढी. डब्यात आता त्याच रंगांचे चार मणी ठेवा आणि पुन्हा सुरुवात करा. वर्गातल्या प्रत्येक गटाने हा खेळ वेगवेगळा खेळावा.

पाच-सात पिढ्यांतच बहुतेक गटांच्या डब्यात एकच रंग उरलेला दिसेल. कुणाकडे सगळे लाल, तर कुणाकडे सगळे पांढरे. लाल रंग पांढऱ्यापेक्षा 'चांगला' होता असे नाही. केवळ योगायोगाने हे घडले. आता चाराऐवजी ४० मणी घेऊन पाहा. तास संपला तरी दोन्ही रंग बहुधा टिकून असतील.

या योगायोगाच्या बदलाला आनुवंशिक विचलन म्हणतात. समष्टी लहान असेल तर ते वेगाने होते. समष्टी म्हणजे एका जागी राहणारा, आपसात प्रजनन करणारा एकाच जातीच्या प्राण्यांचा समूह. विचलनाच्या जोडीला नव्याने होणारी उत्परिवर्तने आणि त्या त्या नदीच्या परिस्थितीत होणारी निवड असतेच. हजारो वर्षांत दोन नद्यांतले मासे त्यामुळे आतून वेगळे होत जातात. बाहेरून ते सारखेच दिसतात, आणि इथेच पुढची सारी अडचण आहे.

कुलकर्णींचे मासे

या अडचणीची गोष्ट महाराष्ट्रातल्याच एका प्राणिशास्त्रज्ञाच्या कामापासून सांगता येते. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातून एका चिमुकल्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा हा मासा. नराचा गुदपर शुक्राणूंची पुडी मादीच्या शरीरावर नेऊन चिकटवण्यासाठी बदललेला असतो. सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावांवरून कुलकर्णींनी त्याला होराइक्थिस सेटनाय असे नाव दिले. बारीक निरीक्षण ही त्यांची ताकद होती.

कुलकर्णी पुढे मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले, आणि नंतर त्यांचे लक्ष एका मोठ्या माशाकडे वळले. तो म्हणजे दख्खनचा महासीर, आपल्याकडचा खडशी. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचे पहिले वर्णन केले. धरणे, प्रदूषण आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांमुळे हा मासा कमी होत चालला होता. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर कुलकर्णींनी त्याच्या विणीचा अभ्यास केला. पुढे एस. एन. ओगले यांच्यासह त्यांनी कृत्रिम प्रजननाची पद्धत बसवली. तयार झालेल्या माद्या-नरांचे पोट हलके दाबून अंडी आणि शुक्ररस काढायचे, एकत्र मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या पेटीत अंडी उबवायची. वळवणच्या केंद्रात महासीराची बोटुकली मोठ्या संख्येने तयार होऊ लागली.

हे फार मोठे यश होते. नाहीसा होऊ पाहणारा मासा माणसाला हवा तेव्हा वाढवता येऊ लागला. साहजिकच इतर राज्यांतून मागणी आली. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून लोणावळ्याचे बीज दूरदूरच्या नद्यांत पोहोचले. लाखो वर्षे न ओलांडता आलेली धार माशाने एका रात्रीत, ट्रकमधून ओलांडली.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. एकाच जातीतला आतला फरक मोजण्याची साधने तेव्हा नुकतीच तयार होत होती. १९६६ मध्ये रिचर्ड लेवोंटिन आणि जॉन हबी यांनी फळमाशीची प्रथिने जेलमध्ये विजेच्या साहाय्याने सरकवली आणि सारख्या दिसणाऱ्या माश्यांत किती जनुकीय विविधता दडलेली असते हे दाखवले. डीएनए वाचण्याची सोपी तंत्रे त्यानंतरची. आज माशाच्या पराचा एक छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी काम भागते. मासा मारावा लागत नाही. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडूनच येतो, म्हणून त्यावरून आईकडची वंशावळ लावता येते. केंद्रकातल्या डीएनएमधील पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे मोजले, की दोन समष्टींत किती देवाणघेवाण झाली याचा अंदाज येतो.

कावेरीतला कुबडा

कावेरीत एक वेगळाच महासीर राहतो. पाठीवर उंचवटा, नारिंगी छटेचे पर आणि वजन ५० किलोच्याही वर गेल्याच्या नोंदी. जगभरचे गळकरी त्याच्यासाठी येत. कर्नाटकातील गालिबोरे येथील गळकऱ्यांच्या शिबिरात मासा पकडून मोजायचा आणि परत सोडायचा, असा नियम होता. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्याने तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. पकडल्या जाणाऱ्या महासीरांची एकूण संख्या वाढत होती. वरवर पाहता सारे छान चालले होते! पण वाढत होता तो निळसर परांचा, बाहेरून आणून सोडलेला महासीर. कुबडा मात्र घटत होता आणि त्याची लहान पिल्ले जवळजवळ दिसतच नव्हती.

आणखी एक गोम होती. या कुबड्याचे शास्त्रीय नावच पक्के नव्हते. दख्खनमधल्या एका माशाला साइक्सने दिलेले नाव त्याला वर्षानुवर्षे लावले जात होते. २०१८ मध्ये पिंडर, राघवन, पुण्यात काम केलेले नीलेश डहाणूकर आणि इतरांनी शरीररचना व डीएनए दोन्ही तपासून दाखवले, की केरळच्या पांबार नदीतून वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही संकटे होतीच. पण ज्या माशाला नीट नावही नव्हते, त्याच्या घरात आपण मदत म्हणून दुसराच मासा नेऊन सोडला होता.

५२ मासे की ८?

बीज त्याच नदीचे असले म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. पैदास किती माशांपासून केली हेही पाहावे लागते. समजा, केंद्रात ५० माद्या आहेत आणि नर फक्त २. एकूण ५२ मासे. पण पुढच्या प्रत्येक पिल्लाची अर्धी जनुके त्या दोन नरांकडूनच येणार. म्हणून समष्टीची परिणामी संख्या अशी काढतात: नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला ४ ने गुणा आणि दोन्हींच्या बेरजेने भागा.

४ × २ × ५० ÷ ५२ = सुमारे ७.७

म्हणजे ५२ माशांची ही समष्टी आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम ८ माशांएवढी! हेच ५२ मासे २६ नर आणि २६ माद्या असे असते, तर उत्तर पूर्ण ५२ आले असते. परिणामी संख्येच्या दुपटीने १ ला भागले, की दर पिढीला विविधतेचा किती वाटा गळतो ते कळते. पहिल्या उदाहरणात तो सुमारे साडेसहा टक्के येतो, तर दुसऱ्यात एक टक्काही नाही. दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमेल. निरनिराळे आकडे घालून त्यांना तक्ता करायला सांगावे. चार मण्यांच्या डब्याची आठवण त्यांना आपोआप होईल.

केंद्रातून एक लाख बोटुकली नदीत सोडली असे आपण वाचतो, तेव्हा आकडा पाहून समाधान वाटते. पण लाख बोटुकली एका जोडप्याचीही असू शकते. म्हणून बातमी वाचताना मुलांनी दोन प्रश्न विचारायला शिकावे. हे बीज कोणत्या नदीचे? आणि त्याचे आईबाप किती?

रायगड जिल्ह्यातच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महासीर देवीचे मानले जातात, कुणी त्यांना पकडत नाही. एका पश्चिमवाहिनी नदीचे बी लोकांच्या श्रद्धेने तिथे जपले आहे. सहल नेलीत तर मुलांना मासे जरूर दाखवा. कुणी पुण्य म्हणून तिथे दुसरीकडचे मासे आणून सोडू म्हणाला, तर त्याला मण्यांचा खेळही दाखवा. शेवटी एक विचारावे: एका डब्यातले सगळे मणी दुसऱ्या डब्यात ओतले, तर कोणता मणी मुळात कुठला होता हे नुसते पाहून पुन्हा सांगता येईल का?