नळातील पाणी व नळातील हवा

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा तलाव आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, इ. स. १७५० च्या सुमारास, त्याचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत आणण्यात आले. पंप नव्हताच, उंचीतील फरक हीच काय ती शक्ती. या नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधलेले होते. पाण्याबरोबर नळात शिरलेली हवा त्यांतून बाहेर पडे व नळावरील दाबही हलका होई.

विहिरीवर पंप बसविणाऱ्या शेतकरी बंधूंना याच हवेशी गाठ घालावी लागते.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः तसे घडत नाही. फिरत्या पात्यांमुळे पंपाच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला वातावरणाचा दाब ते पाणी नळातून वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ तोलून धरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे हीच मर्यादा साडेनऊ मीटरांच्या आसपास येते. नळातील घर्षण व इतर तूट वजा जाता काठावरचा पंप पाण्यापासून सहा मीटरांहून अधिक उंच नसावा. ही उंची पावसाळ्यातील भरल्या विहिरीवरून न मोजता उन्हाळ्यातील नीचतम पातळीवरून मोजावी. जास्त अश्वशक्तीचे यंत्र घेतल्याने ही मर्यादा तसूभरही वाढत नाही. तो खर्च व्यर्थ होय. पंपच विहिरीत खाली बैठक करून बसवावा. पाणबुडी पंप पाण्यात बुडून वर ढकलतो, म्हणून त्यास हा नियम लागू नाही.

याच कारणाने शोषण नळातील गळती डोळ्यांस दिसत नाही. पंप चालू असता त्या नळात बाहेरच्याहून कमी दाब असतो. त्यामुळे सांध्यातून पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. धार तुटक येते, पंप पाणी सोडतो आणि पीक सुकत असता शेतकरी यंत्रालाच दोष देत राहतो. ग्रामसेवकांनी अशा वेळी पुढील परीक्षा करून दाखवावी. पंप बंद करून शोषण नळ पाण्याने काठोकाठ भरावा. तळाची झडप (गावोगावी जिला ‘फुटबॉल’ म्हणतात) नीट मिटत असेल, तर आता दाब आतून बाहेर असल्यामुळे सदोष सांधा पाझरू लागेल. सांधे कोरडे असूनही पातळी उतरली, तर झडपेत कचरा अडकला आहे असे समजावे.

पंपापुढील नळात प्रकार उलटा असतो. नळ उंचवट्यावरून गेल्यास माथ्यावर हवा साचून पाण्याची वाट अरुंद होते व शेवटी प्रवाह मंदावतो. अशा माथ्यावर हवेची झडप बसवावी. पंप थांबून पाणी उताराकडे ओसरले म्हणजे हीच झडप बाहेरची हवा आत घेते. ती नसेल तर नळात पोकळी निर्माण होऊन पातळ प्लास्टिकचा नळ बाहेरच्या दाबाने चेपण्याचा संभव असतो. झडप जमिनीत पुरून टाकू नये. तिच्याभोवती विटांची लहानशी पेटी बांधावी व तिचे तोंड मातीने बुजलेले नाही हे हंगामाच्या आरंभी पाहून घ्यावे.