हजेरीपटापासून वेतनसंहितेपर्यंत

कर्मचाऱ्याला मोबदला किती व कोणत्या स्वरूपात द्यावा आणि निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, आजारपणातील मदत यांसारखे पगाराबाहेरचे लाभ कोणत्या नियमाने चालवावेत, हे पाहणाऱ्या कामाला आज वेतन व लाभ व्यवस्थापन म्हणतात. नागपुरात या कामाचा उगम शोधू लागल्यास गांधीबागेच्या कापडबाजारापासून फार दूर जावे लागत नाही. जवळच्या जुम्मा तलावाच्या परिसरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेतील अधिकारी. त्यांच्यापुढे यंत्रांइतकाच मोठा प्रश्न कामगारांच्या गैरहजेरीचा होता, आणि त्यावर उपाय म्हणून नियमित येणाऱ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा पडली. 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 मध्ये अपघाताची नुकसानभरपाई सुरू झाली. अशा भरपाईचा कायदा देशात 1923 मध्ये झाला, हे ध्यानात घेता गिरणी काळाच्या बरीच पुढे होती. या योजनांचे श्रेय सहसा मालकाच्या औदार्याला दिले जाते आणि ते निराधार नाही. तथापि शिकवून तयार केलेला हात टिकवून धरण्याची निकडही त्यामागे होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

जे मालकाच्या मर्जीने मिळत होते ते स्वातंत्र्यानंतर कायद्याने मिळू लागले आणि हजेरीपट सांभाळणाऱ्या टाइमकीपरच्या जोडीला शिकलेल्या माणसाची गरज निर्माण झाली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 मध्ये आला, तेव्हा वर्गणीचा दर सव्वासहा टक्के होता व कायदा ज्या मोजक्या उद्योगांना प्रथम लागू झाला त्यांत कापडउद्योग होता. कामगार राज्य विमा योजना, म्हणजे मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून उपचार व आजारपणातील भत्ता देणारी व्यवस्था, नागपुरात 1954 मध्ये पोहोचली, त्या वेळी हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते. पुढे बोनस (1965) आणि ग्रॅच्युइटी (1972) यांच्या कायद्यांनी हिशेबाचे काम आणखी वाढवले.

गांधीबागेत मात्र हे काम वेगळ्या वाटेने गेले. भविष्य निर्वाह निधीसाठी वीस आणि ग्रॅच्युइटीसाठी दहा माणसांची अट असल्याने चार-सहा नोकरांच्या ठोक दुकानाला यांतील बरेच काही लागू होत नव्हते. तेथे उचल, दिवाळीचा बोनस आणि लग्नकार्यातील मदत यांचा हिशेब मुनीमच ठेवी. गाठी वाहणाऱ्या हमालाचा मालक तर रोज बदलणारा. त्याच्यासाठी महाराष्ट्राने 1969 चा माथाडी कायदा केला, ज्यानुसार मालक मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ मजुरी, निधी, रजा व ग्रॅच्युइटी यांची व्यवस्था पाहते. अनेक मालकांचे लाभ एकाच दफ्तरातून चालवण्याची ही कल्पना तिच्या योग्यतेइतकी नावाजली गेली नाही.

एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व पुढे बंद पडली. तिच्या जागी मॉल आणि वसाहत उभी राहिली. वेतन व लाभ व्यवस्थापनातील नोकऱ्या आता मिहानमधील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत, बुटीबोरीच्या कारखान्यांत आणि अनेक लहान आस्थापनांची विवरणपत्रे भरणाऱ्या लेबर कन्सल्टंटच्या कचेऱ्यांत आढळतात. समाजकार्य, कामगार कायदा किंवा लेखाशास्त्र शिकलेला उमेदवार येथे पगारपत्रक बनवण्यापासून आरंभ करतो, आणि वेतनरचना आखण्याचे काम त्याच्याकडे बऱ्याच अनुभवानंतर येते.

21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी ही रचनाच नव्याने तपासायला लावली आहे. दरमहा 40,000 रुपयांपैकी मूळ वेतन 12,000 आणि बाकी भत्ते अशी मांडणी आजवर सर्रास केली जाई. आता संहितेत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम, येथे 8,000 रुपये, वेतनातच धरावी लागते. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, मोजली जात असल्याने वर्षामागची रक्कम सुमारे 6,923 वरून 11,538 रुपयांवर जाते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही ती आता पाचऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर मिळू शकते, त्यामुळे कंपन्यांना त्यासाठीची तरतूद नव्याने मोजावी लागत आहे.