मुलाला, मुलावर, मुलाकडे : इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसत आली आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला विद्यार्थी क्रियापद बहुधा बरोबर लिहितो, नामही बरोबर लिहितो. तो अडखळतो त्या दोहोंमधल्या शब्दापाशी. ॲट, टु, फॉर, ऑफ, विथ. हे शब्द इतके लहान की त्यांना कोणी गांभीर्याने शिकवतच नाही. गाइडे त्यांच्या याद्या छापतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरायला दोन-चार गुण असतात, आणि विषय तेथे संपतो. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्याच्या कानावर या जोड्या लहानपणापासून पडतात. ज्याच्या घरात नाही, त्याला त्या समजूनच घ्याव्या लागतात. 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले, पण म्हणून घरातले ऐकणे आले नाही. येथे त्या जोड्या मुलांविषयीच्या वाक्यांतून पाहू. रागावणे, सांभाळणे, भरवणे या क्रिया कोणालाही शब्दकोशातून शिकाव्या लागत नाहीत.

मराठीत नाते नामाच्या शेपटाला चिकटते : मुलाला, मुलाने, मुलाशी, मुलावर, मुलाकडे. इंग्रजीत ते नामाच्या आधी, स्वतंत्र शब्द होऊन उभे राहते. एवढा फरक विद्यार्थ्याला लवकर कळतो. न कळणारी गोष्ट पुढची आहे : कोणता शब्द यायचा, किंवा मुळीच यायचा नाही, हे इंग्रजीत बहुतांशी क्रियापदच ठरवते. आपल्या 'ला'चेच बघा. मुलाला शिकवले, मुलाला मारले, मुलाला भेटले, मुलाला हसले, मुलाला समजावून सांगितले. पाचही ठिकाणी 'ला'. इंग्रजीत 'टीच', 'बीट', 'मीट' यांना मध्ये काहीच लागत नाही, थेट मूल येते. 'लाफ'ला 'ॲट' लागतो. 'एक्स्प्लेन'ला 'टु' लागतो, म्हणून 'एक्स्प्लेन मी' हे वाक्य चुकते आणि 'टीच मी' हे चुकत नाही. 'वर'ची गत तीच. आई मुलावर प्रेम करते आणि मुलावर रागावते; विद्यार्थी दोन्हीकडे 'ऑन' घालतो. पण 'लव्ह'ला काही लागत नाही, आणि 'अँग्री'ला माणसाच्या बाबतीत 'विथ' किंवा 'ॲट'.

आमच्या शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या आसपास, घरची बोली अहिराणी असते किंवा गुजरांची बोली. सातपुड्याच्या बाजूला भिली आणि पावरी. अहिराणी बोलणारे मूल 'पोऱ्याले' म्हणते, 'पोऱ्याला' नव्हे. म्हणजे शिक्षक जेव्हा 'मराठीतून इंग्रजीत भाषांतर करा' असे फळ्यावर लिहितो तेव्हा हे मूल एक नव्हे, दोन नद्या ओलांडते. पुस्तकातला 'ला' हाच त्याला आधी कमवावा लागलेला असतो. त्याच्या चुका मोजणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवे.

क्रियापद ठरवते म्हणजे सगळे मनमानी चालते असे मात्र नाही. 'ॲट' हा शब्द नेम धरतो. 'थ्रो द बॉल टु द चाइल्ड' म्हणजे चेंडू मुलाने झेलावा म्हणून टाकला. 'थ्रो द बॉल ॲट द चाइल्ड' म्हणजे त्याला लागावा म्हणून मारला. 'शाउट टु' म्हणजे लांबच्या मुलाला ऐकू जावे म्हणून हाक मारली. 'शाउट ॲट' म्हणजे त्याच्यावर ओरडले. 'लाफ विथ' मध्ये मूलही हसते आहे, 'लाफ ॲट' मध्ये ते हसण्याचा विषय झाले आहे. वर्गात मागच्या बाकावर बसवलेल्या पोराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याला फक्त तो कोणत्या अक्षरांत लिहितात हे सांगावे लागते.

सगळ्यात उपयोगी क्रियापद 'लुक'. मजुरीला जाणारी आई थोरल्या मुलीला सांगते, 'बाळाकडे बघ.' त्या 'बघ'मध्ये त्याला भरवणे, झोपवणे, चुलीपासून लांब ठेवणे हे सगळे येते, आणि पुष्कळदा त्या मुलीची शाळा बुडणेही येते. हे 'लुक ॲट' नव्हे, 'लुक आफ्टर'. 'लुक ॲट' म्हणजे नुसती नजर टाकणे. मूल हरवले तर 'लुक फॉर'. त्याला हीन लेखले तर 'लुक डाउन ऑन', आणि त्याने कोणाला आदराने मानले तर 'लुक अप टु'. डोळा एकच, पण मागच्या शब्दाने काम बदलले.

'ब्रिंग अप' म्हणजे मुलाला लहानाचे मोठे करणे. याची चाल वेगळी आहे. 'हिम', 'हर' असे सर्वनाम आले तर ते जोडीच्या मधोमध बसते : 'शी ब्रॉट हिम अप'. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही : 'शी लुक्ड आफ्टर हिम'. आणि 'माय मदर ग्रू मी अप' असे जे लिहिले जाते ते मराठीतल्या वाढणे-वाढवणे या जोडीमुळे. आपण एक 'व' घालून करणारा बदलतो; इंग्रजी अख्खे क्रियापद बदलते. मूल 'ग्रो अप' होते, आई 'ब्रिंग अप' करते.

बाबासाहेबांवरचा निबंध दरवर्षी लिहिला जातो, आणि त्याचे पहिलेच वाक्य जन्माचे असते. 'बॉर्न'पुढे तारखेला 'ऑन' (14 एप्रिल 1891), नुसत्या सालाला 'इन', महू या गावालाही 'इन', आणि रामजी व भीमाबाई या आईवडिलांना 'टु'. 'फ्रॉम' येत नाही. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनाच्या नावातच एक जोडी आहे. त्यातला पहिला प्रसंग 1901 सालचा : साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडच्या माणसाची वाट पाहतात, आणि पत्र वडिलांच्या हाती पडलेलेच नसल्याने कोणी येत नाही. आपण 'ची' वाट पाहतो. इंग्रजीत 'वेट' नंतर 'फॉर' हवा. 'वेट ऑन' लिहिले तर अर्थ होतो सेवा करणे, पंगतीत वाढणाऱ्यासारखे. एका शब्दाने वाट पाहणारा चाकर होतो.

कार्यकर्त्यांना अर्ज-निवेदने इंग्रजीत लिहावी लागतात, तेथे चूक महागात पडते. 'मुलाशी भेदभाव केला' यातल्या 'शी'मुळे 'डिस्क्रिमिनेट विथ' लिहिले जाते. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये 'डिस्क्रिमिनेट'बरोबर 'अगेन्स्ट' आहे, तोच वापरावा. 'बिटवीन' वापरल्यास दोन गोष्टींतला फरक ओळखणे असाही अर्थ निघतो. 'शिष्यवृत्तीपासून वंचित ठेवले' यात 'पासून' दिसला की हात 'फ्रॉम'कडे जातो. पण 'डिप्राइव्ह'ला 'ऑफ' लागतो : 'डिप्राइव्ह द चाइल्ड ऑफ द स्कॉलरशिप'. 'परीक्षेला बसण्यापासून रोखले' यात मात्र 'फ्रॉम'च : 'प्रिव्हेंट द चाइल्ड फ्रॉम सिटिंग'. मूल कुपोषणाने किंवा सिकलसेलने आजारी असेल तर 'सफर फ्रॉम', 'विथ' किंवा 'बाय' नव्हे. मुख्याध्यापकांकडे शिक्षकाविरुद्ध तक्रार करायची तर 'कम्प्लेन टु' मुख्याध्यापक, 'अबाउट' शिक्षक. ही दोन नावे उलटली तर तक्रार मुख्याध्यापकांच्याच विरुद्ध जाते.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे बंधन 2002 च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 21-अ मध्ये आले आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आले. तेथे क्रियापद 'प्रोव्हाइड' आहे. त्याच्या दोन चाली आहेत : शिक्षण आधी आले तर मुलांपूर्वी 'टु', आणि मुले आधी आली तर शिक्षणापूर्वी 'विथ'. संविधानात पहिली चाल आहे. निवेदनात दुसरीही चालेल, फक्त दोन्ही एकाच वाक्यात मिसळू नयेत.