शेतमजुरांच्या घरांचा प्रश्न

बियाणे, खते, पाणी व बाजारभाव यांविषयी आपल्या मासिकात वारंवार लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातांनी पेरणी, खुरपणी व कापणी होते, ते मजूर रात्री कोणत्या छपराखाली विसावतात, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो. हंगामात माणसे मिळत नाहीत, ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते. पण ज्याच्या पायाखाली स्वतःची वीतभरही जागा नाही, तो मनुष्य त्या गावात का म्हणून टिकावा, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही. म्हणून गरिबांच्या घरांची उणीव म्हणजे नेमके काय, व ती दूर करताना कोणते काम आधी करावे, याचा या लेखात थोडक्यात विचार करण्याचे योजिले आहे.

कोणत्याही रोगावर औषध देण्यापूर्वी त्याचे निदान करावे लागते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर जाऊन पाहणी केली व ती 1917 साली प्रसिद्ध केली. 1771 साली तेथे सरासरी 40 एकरांचे असलेले खाते 1914-15 च्या सुमारास 7 एकरांवर आले होते, हे त्या पाहणीतून उघड झाले. जमिनीचे तुकडे पडत आहेत हे सर्वांस दिसत होते. परंतु किती व कसे, हे मोजल्यावाचून कळले नाही. घरांच्या प्रश्नासही हाच नियम लागू आहे.

बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या अभ्यासगटाने 2012 ते 2017 या काळातील ग्रामीण भारताची घरांची तूट सुमारे 4 कोटी 37 लक्ष इतकी धरली, व तीपैकी सुमारे नऊ-दशांश तूट दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची आहे असे सांगितले. हा आकडा प्रचंड आहे खरा. पण त्याची फोड केल्यास अधिक बोध होतो. ज्यांना मुळीच घर नाही अशी कुटुंबे सुमारे 41 लक्ष, म्हणजे एकूण तुटीच्या दशांशाहूनही कमी होती. कुडाच्या, पाचटाच्या वा तत्सम कामचलाऊ घरांत राहणारी कुटुंबे सुमारे 2 कोटी 2 लक्ष होती. घर आहे पण ते माणसांच्या मानाने अपुरे, अशांची संख्या सुमारे 1 कोटी 13 लक्ष. आणि जीर्ण होऊन गेलेली घरे सुमारे 75 लक्ष. उरलेली थोडी भर पुढील पाच वर्षांतील वाढीची होती.

या फोडीवरून एक गोष्ट सहज ध्यानात येईल. ज्याचे घर अपुरे आहे त्यास शेजारी एक खोली वाढवून मिळाली तर पुरते. ज्याच्या भिंती खचल्या आहेत त्यास कित्येकदा दुरुस्ती पुरते. कच्च्या घराच्या धन्यास पक्के बांधकाम हवे असते. परंतु ज्याला जागाच नाही, त्याला यांपैकी कोणत्याही मदतीचा उपयोग नाही. त्याला प्रथम जागा हवी. चारही प्रकारच्या गरजूंस एकाच मापाचे घरकुल मंजूर करणे म्हणजे सर्व पिकांस एकच खत घालण्यासारखे आहे.

2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट ठरविण्यात आले, आणि सपाटीच्या प्रदेशात 1 लक्ष 20 हजार व डोंगराळ प्रदेशात 1 लक्ष 30 हजार रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. लाभार्थ्यांची यादी 2011 सालच्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून काढून ग्रामसभेने ती तपासावी, अशी व्यवस्था होती. योजना मोठी आहे व तिने पुष्कळ कुटुंबांस पक्की भिंत दिली, हे निर्विवाद आहे. परंतु पैसा बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे हप्त्याहप्त्याने मिळतो, आणि बांधकामास आधी जागा लागते. ज्याच्या नावावर जागा नाही त्याचे नाव यादीत असूनही त्याच्या घराचा पाया खोदला जात नाही. सर्वांत गरजू मनुष्य अशा रीतीने सर्वांच्या मागे राहतो.

ही अडचण ओळखून महाराष्ट्र शासनाने 2015 साली पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाने जागा-खरेदीस अर्थसाहाय्य देण्याची योजना काढली. तीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 50 हजार रुपयांपर्यंत मदत ठेवण्यात आली. येथे शेतकऱ्याच्या हिशेबाने विचार करू. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तेव्हा 500 चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्यालाही थोडे कमीच. त्यातून घराचे 269 चौरस फूट वजा जाता सुमारे 231 चौरस फूट उरतात. शौचालय, न्हाणी, सरपण व दोन शेळ्या यांची सोय तेवढ्यात लावावयाची. शिवाय 1947 सालच्या तुकडेबंदीच्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या व्यवहारास अडथळा होता. एका हाताने जागा घेण्यास पैसा द्यावयाचा व दुसऱ्या हाताने खरेदीखत अडवावयाचे, असा हा प्रकार होता. 2024 साली नियमांत बदल होऊन घरकुलाच्या लाभार्थ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने 1000 चौरस फुटांपर्यंतची जागा घेण्याची वाट मोकळी झाली. ज्या शेतकऱ्यांस रस्त्याकडेचा एखादा तुकडा मजुरास विकावयाचा असेल, त्यांनी ही तरतूद अवश्य ध्यानात ठेवावी.

जागा आधी व घर मागून, हा क्रम केरळाने कसा पाळला ते पाहण्यासारखे आहे. तेथील सुधारलेला जमीन-सुधारणा कायदा 1970 च्या 1 जानेवारीपासून अमलात आला. दुसऱ्याच्या जमिनीत झोपडी घालून राहणाऱ्या भूमिहीनास खेड्यात 10 सेंटपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क त्या कायद्याने मिळाला. 10 सेंट म्हणजे आपले 4 गुंठे. एवढ्या जागेत घर बसते, नारळाची चार झाडे लागतात, कोंबड्या पाळता येतात; आणि मुख्य म्हणजे मालकाशी मजुरीवरून वाद झाला तर झोपडी मोडली जाईल ही धास्ती उरत नाही. त्यानंतर 1972 साली तेथे भूमिहीन मजुरांसाठी लक्ष घरांची योजना हाती घेण्यात आली.

येथे कोणी म्हणेल, की आपल्याकडे एवढी जमीन आणावी कोठून? गायरानाकडे बोट दाखविणे सर्वांत सोपे. परंतु गायरान हे गुरांचे आहे, व ते बेसुमार अतिक्रमणाने आटत गेले तर त्याचा फटका शेतकऱ्याप्रमाणेच शेळी पाळणाऱ्या मजुरासही बसतो. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासंबंधी राज्यांस आदेश दिला, तोही विसरता येत नाही. म्हणून गावठाणाचा रीतसर विस्तार करणे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग होय. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द मात्र होती तेथेच राहिली, अशी आपल्या कित्येक गावांची स्थिती आहे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम निघाले. या नकाशांचा उपयोग केवळ असलेले हक्क नोंदविण्यापुरता न करता, गावात मोकळी जागा किती व बेघर किती, हे ताडून पाहण्याकडेही करावा.

दुरुस्तीचे महत्त्व समजण्यासाठी किल्लारीचे उदाहरण पुरे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात जाडजूड दगडमातीच्या भिंती व मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु ज्यांची घरे उभी राहिली होती अशा लाखाहून अधिक कुटुंबांस घराच्या दुरुस्तीस व बळकटीस साहाय्य देण्यात आले, आणि ते काम बव्हंशी घरधन्यांनी स्वतः उभे राहून करवून घेतले. जेथे पाया धड आहे तेथे नव्या घराचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

तात्पर्य, क्रम असा असावा. प्रथम प्रत्येक गावाने आपल्या गरजूंची प्रकारवार मोजणी करावी. ही मोजणी पावसाळ्यात करावी. कारण दिवाळीनंतर ऊसतोडणीस गेलेली कुटुंबे कारखान्याच्या फडावर कोपीत राहत असतात, व यादी करणाऱ्यास त्यांच्या दारास कुलूप दिसते. दुसरे, भूमिहीनांस घरापूर्वी जागा मिळावी, व ती परसात शेळी बांधता येईल एवढी तरी असावी. तिसरे, हप्ते वेळेवर मिळावेत. कारण हप्ता रखडला की मजूर सावकाराकडून उचल घेतो व घराबरोबर कर्जही उभे राहते. चौथे, दुरुस्ती व वाढीव खोली यांस स्वतंत्र साहाय्य असावे.

यांपैकी पहिले काम सरकारच्या हुकुमाची वाट न पाहता होण्यासारखे आहे. आपल्या सभासदांनी येत्या ग्रामसभेपूर्वी आपापल्या गावातील जागा नसलेल्या कुटुंबांची नावे एका कागदावर उतरून काढावीत व तो कागद सभेपुढे ठेवावा. जो मनुष्य वर्षानुवर्षे आपल्या शेतात राबतो, त्याचे नाव त्या यादीत सापडले तर आपणास खेद वाटेल. पण ते नाव यादीबाहेर राहिले, तर त्या दोषात आपलाही वाटा राहील.